देव प्रीती आहे, तर त्याचा कोप कुठून येतो?

तुमच्या प्रश्नाचे तीन भाग आहेत. योहानाच्या पहिल्या पत्रात 'देव प्रीती आहे' असे म्हटले आहे, तर जुन्या करारात वारंवार दिसणाऱ्या कोपाचा आणि शिक्षेचा त्या वाक्याशी मेळ कसा घालायचा, हा पहिला. ही प्रीती सर्व माणसांवर आहे की केवळ विश्वास ठेवणाऱ्यांवर, हा दुसरा. आणि दर रविवारी उपासनेत हे सारे ऐकूनही ती प्रीती स्वतःला जाणवत नसेल तर काय समजायचे, हा तिसरा. शिवाय हे सारे कोणत्या क्रमाने वाचावे, हेही तुम्ही विचारले आहे. मुंबईतल्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये शास्त्राभ्यासाचे वर्ग घेताना यांतला पहिला प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेला आहे. उरलेल्या दोहोंची उत्तरे बरीचशी त्याच्यावर अवलंबून असल्यामुळे त्यालाच मी अधिक जागा देणार आहे.

जुन्या करारातला देव कोपिष्ट आणि नव्या करारातला देव प्रेमळ, ही विभागणी फार जुनी आहे. काळ्या समुद्राकाठच्या सिनोपे नगरातून रोमला आलेल्या मार्कियोन नावाच्या शिक्षकाने दुसऱ्या शतकात ती अगदी टोकाला नेली. यहुदी शास्त्रातला निर्माता वेगळा आणि येशूचा पिता वेगळा, असे तो शिकवू लागला आणि या मताला सोयीचे होईल अशा बेताने त्याने शास्त्रही कापले. काटछाट केलेले लूककृत शुभवर्तमान आणि पौलाची दहा पत्रे एवढेच त्याने ठेवले. रोमच्या मंडळीने इ. स. 144 च्या सुमारास त्याला बाहेर काढले, हे बरेच झाले. नाहीतर आपल्या हातातल्या ग्रंथात ना स्तोत्रे राहिली असती, ना यशया. तरीही ज्यांच्या पवित्र शास्त्राची केवळ शेवटची एक चतुर्थांश पानेच हाताळून मऊ झालेली असतात, असे पुष्कळ जण आजही नकळत मार्कियोनच्याच बाकावर बसलेले असतात.

देवाच्या प्रीतीचा अभ्यास मी नेहमी जुन्या करारातल्या निर्गम या पुस्तकाच्या 32 ते 34 या अध्यायांपासून सुरू करतो. सीनाय पर्वताशी देव आणि इस्राएल यांच्यातला करार नुकताच झालेला आहे, लोकांनी 'परमेश्वर सांगेल ते सर्व करू' असे कबूल केले आहे आणि मोशे पर्वतावर असतानाच खाली सोन्याचे वासरू ओतले जाते. आज्ञांच्या दगडी पाट्या फुटतात, तीन हजार माणसे मरतात, आणि देव या लोकांबरोबर पुढे चालणार की नाही हाच प्रश्न उभा राहतो. मोशे मध्यस्थी करतो. त्यानंतर देव स्वतःच्या तोंडाने आपली ओळख सांगतो: दयाळू, कृपाळू, मंदक्रोध, दयेने व सत्याने भरलेला, हजारो पिढ्यांवर दया करणारा, अधर्माची क्षमा करणारा, आणि तरीही अपराध्याला निर्दोष न ठरवणारा, तिसऱ्या व चौथ्या पिढीपर्यंत अन्यायाचा जाब घेणारा. हे शब्द आज्ञापालनाचे बक्षीस म्हणून आलेले नाहीत, तर करार मोडल्याच्या दुसऱ्या बाजूला आले आहेत. शिवाय त्यांतले प्रमाणही पाहावे: एकीकडे हजारो पिढ्या, दुसरीकडे तीन-चार. राग आहे, पण तो सावकाश येतो आणि थोडा काळ टिकतो. दया मात्र संपत नाही.

हे वचन इस्राएलाने पाठ करून ठेवलेले दिसते, कारण ते पुढे गणना, नहेम्या आणि योएल या पुस्तकांत आणि 86, 103 व 145 या स्तोत्रांत पुन्हा पुन्हा येते. त्याचे सर्वांत धारदार रूप योनाच्या चौथ्या अध्यायात आहे. शत्रू असलेल्या अश्शूरच्या निनवे या शहराचे लोक पश्चात्ताप करतात, देव शिक्षा आवरतो आणि संदेष्टा संतापतो. हेच होणार हे मला ठाऊक होते, तू मंदक्रोध आणि दयाळू आहेस म्हणूनच मी तार्शीशला पळत होतो, अशी त्याची तक्रार आहे. ज्या शब्दांवर इस्राएल जगत आला तेच शब्द शत्रूला लागू झाले की योनाला सहन होत नाहीत. देवाचे उत्तर मोठे विलक्षण आहे: उजवा-डावा हात न ओळखणारी एक लाख वीस हजारांहून अधिक माणसे आणि पुष्कळ गुरेढोरे ज्या शहरात आहेत, त्याची मी पर्वा करू नये काय? पुस्तक या प्रश्नावरच संपते. मात्र काही पाने पुढे नहूम आहे, आणि तोही याच निनवेविषयी, याच वचनाचा आधार घेऊन बोलतो: परमेश्वर मंदक्रोध आहे, पण तो अपराध्याची गय करणार नाही. इ. स. पू. 612 मध्ये निनवे पडले. एकच वचन, एकच शहर. योनाने त्याचा पूर्वार्ध ऐकवला, नहूमाने उत्तरार्ध. जुन्या कराराचा संपादक हे दोन्ही ग्रंथ एकाच संग्रहात ठेवतो आणि त्यांतल्या एकालाही वगळून आपले काम सोपे करत नाही.

ही प्रीती कशामुळे आहे, हे अनुवाद या नियमशास्त्राच्या पुस्तकाच्या सातव्या अध्यायात सांगितले आहे आणि ते कारण जवळजवळ कारणच नाही. तुम्ही इतर राष्ट्रांपेक्षा संख्येने अधिक होता म्हणून नव्हे, उलट तुम्ही सर्वांत थोडे होता. परमेश्वराने तुमच्यावर प्रीती केली ती त्याची तुमच्यावर प्रीती होती म्हणून, आणि पूर्वजांना दिलेली शपथ त्याला पाळायची होती म्हणून. दोन अध्याय पुढे तर इस्राएलाच्या नीतिमत्तेचाही दावा मोडीत काढला आहे: तुम्ही ताठ मानेचे लोक आहात. आपल्या गुणावर, संख्येवर किंवा भक्तीवर ती प्रीती बेतलेली नसल्यामुळे गुण आटला, संख्या घटली किंवा भक्ती थंडावली तरी तिचा आधार सुटत नाही.

होशेय या संदेष्ट्याजवळ मात्र थांबलेच पाहिजे, कारण प्रीती आणि कोप यांचा संबंध त्याच्याइतका आतून कोणी मांडलेला नाही. इ. स. पू. आठव्या शतकात, इस्राएलाच्या उत्तरेकडच्या राज्याच्या अखेरच्या दशकांत तो बोलतो. गोमेर या आपल्या पत्नीची बेइमानी आणि इस्राएलाची बेइमानी त्याने एकाच कथेत गुंफली आहे. त्याच्या मुलांची नावे ऐकवत नाहीत: इज्रेल, म्हणजे रक्तपाताची आठवण, लो-रुहामा, जिच्यावर दया झाली नाही ती, लो-अम्मी, माझे लोक नव्हेत. तिसऱ्या अध्यायात तो पत्नीला पंधरा रुपये आणि दीड मण सातू अशा किमतीला परत आणतो. मोबदल्यात ना पश्चात्तापाचे वचन आहे, ना माफीची विनवणी. किंमत आधी मोजली जाते आणि घर नंतर सावरते.

अकराव्या अध्यायात नवऱ्याची प्रतिमा मागे पडते आणि आईबापाची पुढे येते. एफ्राईमाला, म्हणजे त्या उत्तरेच्या राज्याला, चालायला मीच शिकवले, त्याला हातांवर उचलून घेतले, माणुसकीच्या दोऱ्यांनी त्याला ओढले, वाकून त्याला खायला घातले, असे देव म्हणतो. मग अश्शूरची तलवार त्यांच्या नगरांवर येणार हे सांगून होते न होते, तोच सूर फिरतो: एफ्राईमा, मी तुला कसा सोडू? माझे हृदय माझ्या आत उलटले आहे. शेवटी कारण येते ते असे: मी देव आहे, मनुष्य नव्हे, म्हणून मी क्रोधाने येणार नाही. राग आवरता येणे हे त्याच्या देवपणाचे लक्षण म्हणून सांगितले आहे. आपण नेहमी उलटे धरतो. देव मोठा म्हणजे त्याचा रागही तेवढाच अनावर, असे आपल्याला वाटते. होशेय म्हणतो, अनावर राग माणसाचा असतो.

अर्थात त्या राज्याची राजधानी शोमरोन इ. स. पू. 722 च्या सुमारास पडलीच. परिणाम टळले नाहीत. म्हणून या अध्यायाचा अर्थ 'देव प्रेमळ आहे, तेव्हा काही होणार नाही' असा लावता येत नाही. नाते तुटले नाही आणि परिणामही चुकले नाहीत, असे दुहेरी बोलणे होशेय शेवटपर्यंत चालू ठेवतो. त्याच काळातल्या आमोस या संदेष्ट्याने हे एका वाक्यात आणले: पृथ्वीवरील सर्व कुळांपैकी तुमच्याशीच मी ओळख ठेवली, म्हणून तुमच्या सर्व अन्यायांबद्दल मी तुम्हांला शासन करीन. जवळीक हेच इथे जाब विचारण्याचे कारण आहे. परक्याच्या मुलाने चोरी केली तर आपण हळहळतो. आपल्या मुलाने केली तर झोप उडते.

हा कोप कशावर आहे तेही आमोसातच पाहावे. चांदीसाठी नीतिमानाला आणि जोडाभर वहाणांसाठी गरिबाला विकणारे, खोटा तराजू वापरणारे, वेशीत न्याय उलटा करणारे लोक त्याच्यासमोर आहेत. याकोबाच्या पत्रात पीक कापणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि ते ओरडणे सेनाधीश प्रभूच्या कानी जाते. या शहरात पुनर्विकासाच्या नावाखाली ज्यांचे घर पाडले गेले, मग दर महिन्याचे भाडे यायचे थांबले आणि नवी इमारत उभीच राहिली नाही, अशा कुटुंबाबरोबर मी प्रार्थनेला बसलो आहे. कधीही न रागावणारा देव त्यांना प्रेमळ वाटला नसता. तो त्यांना बिल्डरच्या बाजूचा वाटला असता. कोपाविषयीची आपली अडचण बहुधा सुरक्षित घरात बसून वाचताना निर्माण होते, असे माझे मत बनत गेले आहे.

यावर देवाच्या आज्ञेने इस्राएलाने कनान देश घेताना केलेल्या युद्धांचे काय, असे तुम्ही विचाराल, आणि ते विचारायलाच हवे. तिसऱ्या शतकातल्या ओरिगेन या ख्रिस्ती भाष्यकाराने त्या युद्धांची हकीकत सांगणारे यहोशवाचे पुस्तक आत्म्यातल्या पापांविरुद्धच्या लढाईचे रूपक म्हणून वाचले. ते वाचन भक्तीला उपयोगी आहे, पण यरीहोत मेलेल्या माणसांना ते नाहीसे करते, म्हणून मला पुरेसे वाटत नाही. शास्त्र स्वतः दोन-तीन गोष्टी शेजारी ठेवते. उत्पत्तीच्या पंधराव्या अध्यायात कनानातल्या अमोऱ्यांचा अन्याय अजून भरला नाही म्हणून अब्राहामाच्या वंशाला पिढ्यानुपिढ्या थांबायला लावले जाते. जो निवाडा कनानावर होतो, त्याच मापाने पुढे इस्राएलही मोजला जातो आणि इ. स. पू. 586 च्या सुमारास यरुशलेम जळते. आणि त्या निवाड्यातून वाचलेली यरीहोची राहाब, तसेच मवाबी रूथ, या दोघी मत्तयाच्या पहिल्या पानावर येशूच्या वंशावळीत आहेत. एवढ्याने वाचकाची अस्वस्थता पूर्ण जात नाही आणि ती जाऊ देण्याची घाईही करू नये; परंतु 'आपले ते आवडते, परके ते नावडते' असा हा हिशेब नाही, इतके त्यातून स्पष्ट होते.

विभागणी दुसऱ्या बाजूनेही टिकत नाही. योहान 3:16 सर्वांना पाठ असते, पण त्याच अध्यायाच्या शेवटच्या वचनात पुत्राचे न ऐकणाऱ्यावर देवाचा क्रोध राहतो असे लिहिले आहे. मत्तयाच्या तेविसाव्या अध्यायातील 'तुम्हांला धिक्कार असो' हे शब्द येशूचेच आहेत, आणि तो अध्याय संपतो ते कोंबडी आपली पिले पंखांखाली घेते तसे यरुशलेमाला जवळ घ्यायची कितीदा इच्छा होती या विलापाने. आणखी एक गोष्ट नवख्या वाचकाला चकित करते: प्रेषितांच्या कृत्यांमध्ये पेत्राची आणि पौलाची जी भाषणे आली आहेत, त्यांत 'देव तुमच्यावर प्रीती करतो' असे एकही वाक्य नाही. देवाने काय केले, येशूला कसे मारले गेले, देवाने त्याला कसे उठवले आणि आता क्षमा कशी खुली आहे, हेच ते सांगतात. प्रीती ही भावना म्हणून जाहीर करण्यापेक्षा घडलेली गोष्ट म्हणून सांगण्याकडे शास्त्राचा कल आहे.

म्हणूनच योहानाचे पत्र 'देव प्रीती आहे' म्हटल्यावर लगेच व्याख्या देत नाही, घटना सांगते. प्रीती म्हणायचे ती हीच: आपण देवावर प्रीती केली असे नाही, तर त्याने आपल्यावर प्रीती केली आणि आपल्या पापांबद्दल प्रायश्चित्त व्हावे म्हणून आपल्या पुत्राला पाठवले. पौल रोमकरांस लिहिताना काळाची खूण करतो: आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मेला. येथे आपल्या व्यासपीठांविषयी थोडे स्पष्ट बोलतो. उत्तम शुक्रवारी, येशूच्या वधस्तंभावरील सात शब्दांवरच्या उपदेशांत कधी कधी असे चित्र उभे केले जाते की पिता संतापलेला आहे आणि प्रेमळ पुत्र मध्ये पडून त्याचे मन वळवतो. हे मार्कियोनचेच दोन देव, एकाच वधस्तंभाभोवती उभे केलेले. योहान आणि पौल यांच्या मते पाठवणारा, देणारा आणि स्वतःच्या पुत्राला राखून न ठेवणारा पिताच आहे. देव ख्रिस्तामध्ये जगाचा स्वतःशी समेट करत होता. वधस्तंभामुळे देव प्रीती करू लागला नाही. तो प्रीती करत होता म्हणून वधस्तंभ झाला. न्यायाची किंमत होशेयाप्रमाणे इथेही ज्याच्यावर अन्याय झाला त्यानेच मोजली.

मराठी वाचकाला या प्रीतीची एक बाजू सहज कळते. स्त्रीला आपल्या तान्ह्या बाळाचा विसर पडेल काय, कदाचित पडेल, पण मी तुला विसरणार नाही, हे यशयाच्या 49 व्या अध्यायातले वचन वाचले की विठ्ठलाला माउली म्हणणाऱ्या भाषेला ते परके राहत नाही. 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे म्हणत, ते उगीच नव्हे. भक्तीच्या वाटेने आलेल्याला देवाच्या मायेची खात्री पटवावी लागत नाही; कराराची, म्हणजे त्या मायेने घातलेल्या बंधनाची आणि तिने विचारलेल्या जाबाची ओळख मात्र त्याला वेगळी करून द्यावी लागते.

आता दुसरा प्रश्न. देव आपला सूर्य वाइटांवर व चांगल्यांवर उगवतो, आणि शिष्यांनी शत्रूंवर प्रीती का करावी याचे कारण म्हणून येशू हेच देतो. तेव्हा देवाची प्रीती विश्वासणाऱ्यांपुरती मर्यादित आहे असे म्हणणाऱ्याला डोंगरावरील प्रवचन आधी बाजूला ठेवावे लागेल. निवडलेल्या लोकांच्या नियमशास्त्रातच, अनुवादाच्या दहाव्या अध्यायात, परमेश्वर उपऱ्यावर प्रीती करतो आणि त्याला अन्नवस्त्र देतो असे आहे, आणि पाठोपाठ आज्ञा आहे की तुम्हीही उपऱ्यावर प्रीती करा, कारण मिसर देशात तुम्ही उपरे होता. उपरा कोण, हा वाद ज्या शहरात दर निवडणुकीला पेटतो तिथे हे वचन व्यासपीठावरून जरा जास्त वेळा वाचले जावे, असे मला वाटते.

त्याच वेळी निवडीची भाषाही खरी आहे. 'याकोबावर मी प्रीती केली, एसावाचा द्वेष केला' हे मलाखीचे शब्द पौल रोमकरांस पत्राच्या नवव्या अध्यायात घेतो, आणि देव काहींनाच तारणासाठी निवडतो की सर्वांना बोलावतो, हा त्यावरचा वाद नेदरलँड्समधल्या डॉर्टच्या 1618-19 च्या धर्मसभेपासून आजवर चालू आहे. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया 1970 मध्ये वेगवेगळ्या परंपरांच्या मंडळ्या एकत्र येऊन बनले आणि मेथडिस्ट मंडळ्याही या शहरात आहेत. त्यामुळे एकाच घरात दोन्ही मतांची माणसे सापडतात. मी एवढेच सुचवतो की नववा अध्याय अकराव्यापर्यंत नेऊन वाचावा, कारण देवाने सर्वांवर दया करावी या वाक्याशी पौलाचा युक्तिवाद पोचतो आणि तिथून तो स्तुतीकडे वळतो. निवड ही इतरांना वगळण्यासाठी नसून इतरांपर्यंत पोचण्यासाठी आहे, हा अब्राहामाच्या पाचारणापासूनचा धागा त्यात दिसतो.

प्रीती सर्वांवर असणे आणि सर्वांनी ती स्वीकारणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. मार्कच्या दहाव्या अध्यायातल्या श्रीमंत माणसाकडे येशूने पाहिले आणि त्याच्यावर प्रीती केली, असे लिहिले आहे. तो माणूस खिन्न होऊन निघून गेला, आणि येशूने अट सैल करून त्याला परत बोलावले नाही. लूकच्या पंधराव्या अध्यायातला बापही धाकट्यासाठी धावतो आणि थोरल्यासाठी अंगणात येऊन विनवणी करतो, पण थोरल्याचा दंड धरून त्याला आत ओढत नाही. तो आत गेला की नाही हे येशूने सांगितलेले नाही. कुरकुर करणारे परूशी आणि शास्त्री समोर उभे होते, उत्तर त्यांनी द्यायचे होते.

तिसऱ्या प्रश्नाला मी थोडक्यात उत्तर देतो, कारण त्यावर लांबलचक बोलणे बहुधा ऐकणाऱ्यावर ओझे टाकते. जाणीव न होणे हा अविश्वासाचा पुरावा नव्हे. 88 वे स्तोत्र अंधारात सुरू होते आणि अंधारातच संपते, इतर विलापस्तोत्रांप्रमाणे शेवटी त्यात आशेचे वळण येत नाही, आणि तरीही ते उपासनेच्या पुस्तकात आहे. ज्याच्याकडे ही तक्रार जाते तो 'माझा उद्धार करणारा देव' असे त्याच्या पहिल्याच ओळीत म्हटले आहे. परमेश्वराच्या दया दर सकाळी नव्या होतात हे विलापगीतातले वचन आपण भेटकार्डांवर छापतो, पण ते लिहिले गेले जळालेल्या यरुशलेमात, उपासमार आणि प्रेते यांच्या वर्णनांच्या मधोमध. तेव्हा तुम्हांला काही वाटत नसेल तर वाटल्याचा आव आणू नका, आणि उपासनेला येणेही थांबवू नका. ही अवस्था पुष्कळ दिवस टिकली, झोप आणि भूक गेली असेल, तर पाळकांशी बोलण्याबरोबर डॉक्टरांनाही भेटा; त्यात विश्वासाची काही मानहानी नाही.

वाचनाचा क्रम विचारला आहे, म्हणून सांगतो. योहानाच्या पत्रापासून सुरुवात करू नका. निर्गम 32 ते 34 एका बैठकीत वाचा, मग अनुवादाचे सात ते दहा हे अध्याय, मग होशेय सबंध, आणि त्याचा अकरावा अध्याय दोनदा. योना आणि नहूम पाठोपाठ वाचा. त्यानंतर लूक 15 घ्या, पण पहिली दोन वचने न वगळता, कारण गोष्टी कोणाला सांगितल्या हे त्यांतच आहे. रोमकरांस पत्राचे पाच ते अकरा हे अध्याय सलग वाचा आणि मग योहानाच्या पहिल्या पत्राचा चौथा अध्याय उघडा. त्यातले विसावे वचन, ज्याने आपल्या डोळ्यांपुढच्या भावावर प्रीती केली नाही त्याच्याविषयीचे, अवघड वाटले तर पुढच्या वर्गात त्यावरच बोलू.